डबल क्लिकचा अर्धा सेकंद

माउस शिकायला दोन मिनिटं पुरतात म्हणणाऱ्याने आजवर कुणाला माउस शिकवलेला नसतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिली अडचण टेबलाच्या कडेला येते. बाण अजून पडद्याच्या मध्यावर, पण माउस टेबलावरून खाली पडायच्या बेतात. अशा वेळी तो उचलून मधे आणून ठेवायचा. हवेत असताना बाण जागचा हलत नाही. जाणकारांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं त्यांना सुचतच नाही. नवशिका मात्र हात लांबवत लांबवत शेजाऱ्याच्या कोपरापर्यंत पोहोचतो.

खरी अग्निपरीक्षा डबल क्लिकची. विंडोजमध्ये दोन क्लिकसाठी मुळात 500 मिलिसेकंदांची मुदत असते. त्या अर्ध्या सेकंदात दोनदा दाबायचं आणि बाण तसूभरही हलू द्यायचा नाही. घाई केली की हात हलतो, हात सांभाळला की मुदत टळते. बटण दाबलेलं असताना हात सरकला तर फाइल बाणाला चिकटून भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते. (रडारड नको, लगेच कंट्रोल आणि झेड दाबा.) फार सावकाश दाबलं तर फाइल उघडत नाही, नुसती तिच्या नावाभोवती चौकट येते. नामकरणाचा बेत नसेल तर एस्केप.

चूक बहुधा बोटाची असते. माणसं तर्जनी उंच उचलून बटणावर आपटतात, त्या दणक्यानेच माउस सरकतो. अंगठा आणि करंगळी दोन बाजूंना, मनगट टेकलेलं, तर्जनी बटणावरच. बाण आधी थांबू द्या, मग टक-टक. तरीही जमेना तर माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करा. किंवा सरळ एकदाच क्लिक करून एंटर मारा. फाइल तेवढीच उघडते आणि कुणी गुण कापत नाही.

ओढण्याच्या सरावाला सॉलिटेअर उत्तम. 1990 साली विंडोज 3.0 सोबत आलेल्या या खेळात पत्ता बटण दाबून उचलायचा, तसाच धरून न्यायचा आणि जागेवर सोडायचा. मधेच बोट सुटलं तर पत्ता मुकाट मूळ जागी परततो. फाइली इतक्या समजूतदार नसतात.

उजव्या बटणाने यादी उघडते. घाबरून पुन्हा तेच दाबलं की आणखी एक यादी. रिकाम्या जागी डावं बटण दाबलं की ती जाते. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून 1964 च्या सुमारास तयार झालेल्या पहिल्या लाकडी माउसला एकच बटण होतं. तिथेच थांबले असते तर काय बिघडलं असतं?