ट्रॅक्टरचा हप्ता कशावर फिटतो?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या प्रिन्स जॉर्जमध्ये कॉफीच्या दुकानाबाहेरचं पार्किंग हा आमचा कट्टा. उणे पंधरात दगडावर कोण बसणार, म्हणून गरम बॉनेटला टेकून चर्चा. परवा विषय निघाला व्हँडरहूफचा. इथून पश्चिमेला शंभरेक किलोमीटर, साडेचार हजारांच्या आतली वस्ती. तिथली मोठी सॉ मिल बंद करत असल्याचं मालकांनी २०२४ मध्ये जाहीर केलं.

"शेती आहे की त्यांना," बंड्या म्हणाला. "नदीचं खोरं आहे, गवत आहे, गाई आहेत. मिल गेली तर गेली."

अण्णा ट्रक चालवतात. ते उसळलेच. "अरे, जुलैत गवत कापणारा गडीच जानेवारीत जंगलात मशीनवर असतो! जमीन गोठली की लाकूड ओढता येतं. बर्फ वितळलं की रस्त्याचा चिखल, जड गाड्या बंद, मग परत शेत. ट्रॅक्टरचा हप्ता लाकडावर फिटतो बाबा, गवतावर नाही."

मला पटलं. उन्हाळ्यात गाईसुद्धा सरकारी रानातच चरायला सोडतात. शेती वेगळी आणि जंगल वेगळं, हे फक्त कागदावर.

मग मिल बंद पडण्यात दोष कुणाचा? मास्तरने (वनशास्त्र शिकतो, म्हणून मास्तर) किड्याचं नाव घेतलं. पाइनच्या सालीखाली राहणारा, तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा. पूर्वीसारखी कडाक्याची थंडी पडेना, म्हणून तो मरेना. वर्षानुवर्षं वणवे विझवल्यामुळे म्हातारी झाडं त्याला आयतीच मिळाली. मेलेलं लाकूड तडकायच्या आत काढा, म्हणून सरकारने तोडीची मर्यादा वाढवली आणि मिल धडाधड चालल्या. "तेव्हाच पुढची वर्षं खाऊन टाकली," मास्तर म्हणाला.

"अन् अमेरिकेचा आपल्या लाकडावरचा कर? ४५ टक्के!" बंड्या.

"ते २०२५ च्या ऑक्टोबरपासून. मिलचा निर्णय झाला तेव्हा सर्वसाधारण दर पंधराच्या आत होता," मास्तर म्हणाला.

बंड्या गप्प. फार वेळ नाही.

मास्तरचं म्हणणं, या प्रांतातली ९४ टक्के जमीन सरकारी. कंपनीला तोडीचा परवाना, गावाला फक्त नोकऱ्या. पुढे बर्न्स लेकला २००० पासून गावाच्याच हातात जंगलाचा परवाना आहे, तसं व्हायला हवं.

"आणि ओंडके विकणार कुणाला?" अण्णा म्हणाले. "मधल्या फ्रेझर लेकची मिलपण २०२४ मध्येच गेली. परवाना काय चुलीत घालायचा?"

याला मास्तरकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. तरी परवाना गावाकडे असलेला बरा. निदान काय तोडायचं, काय राखायचं हे तरी गाव ठरवेल.

अण्णा मूळचे पाटणचे, त्यामुळे गाडी कोयनेवर येणारच होती. व्हँडरहूफच्या नेचाको नदीवर १९५२ च्या सुमारास केनी धरण झालं, बोगद्यातून पाणी पश्चिमेला वळवलं, त्यावरच्या विजेवर किटिमाटला ॲल्युमिनियम तयार होतं. तिथल्या मूळनिवासी चेस्लाटा लोकांना आपली गावं सोडावी लागली. "पाणी डोंगराखालून पलीकडे, अन् माणसं रस्त्यावर," अण्णा म्हणाले. "मला नकाशा बघावा लागला नाही."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग बंड्याने विचारलं, "उद्या कुठली खेप, अण्णा?"

"व्हँडरहूफ."

"लाकूड?"

"गवत," अण्णा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.