भांडा सलामवर, कबरस्तान सोडा

गेल्या आठवड्यात रात्री उशिरा चुलतभावानं एक फोटो पाठवला. गावच्या जमातीच्या, म्हणजे आम्हा मुसलमानांच्या गावपंचायतीच्या, फळ्यावर लावलेली नोटीस. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं आमचं गाव, घरं जेमतेम तीनशे, मशिदी आता दोन. नोटिशीत लिहिलंय की जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेनंतर उभं राहून पैगंबरांवर सलाम पढत नाहीत त्या मशिदीत जो जाईल, त्याच्या घरच्या निकाहाला जमात येणार नाही, मय्यतीला जमातीचा जनाजा मिळणार नाही आणि कबर खोदायला माणूस जाणार नाही. खाली सह्या. त्यातल्या दोन सह्या माझ्या शाळेतल्या दोस्तांच्या आहेत.

मस्कतला मला अठरा वर्षं झाली. त्या रात्री झोप लागली नाही.

हा वाद कशाचा आहे ते आधी सांगतो. ‘या नबी सलाम अलैका’ उभं राहून म्हणायचं, पैगंबरांच्या जन्माची स्तुती गाणारा मौलूद भरवायचा, बारावफातचा (पैगंबर जयंतीचा) जुलूस काढायचा, मयतांच्या नावानं फातेहा द्यायची, उरुसाला जायचं, हे सगळं पैगंबरांच्या आणि वलींच्या (संतांच्या) मोहब्बतीचं काम आहे, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, पैगंबरांच्या सोबत्यांनी, सहाबांनी, जे केलं नाही ते दीन म्हणून करणं ही बिदअत, धर्मात घुसवलेली नवी गोष्ट. पहिल्या बाजूला बरेलीचे उलेमा, दुसऱ्या बाजूला १८६६ साली सुरू झालेला देवबंदचा मदरसा आणि पुढं तबलीगी जमात. आमच्याकडं पूर्वी हे कोणाच्या गावीही नव्हतं. मौलूद घरोघरी व्हायचा, डफावर रातीबचे जिक्र व्हायचे, आणि ज्याला आवडत नसे तो घरी बसायचा.

दोन्ही मशिदींतली नमाज मात्र जशीच्या तशी एक आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, सुन्नींच्या चार फिकही परंपरांपैकी एक. दोन्हीकडं हात तसेच बांधतात, रुकूला (कमरेत वाकायला) जाताना तसेच उचलतात, आमीन तितक्याच मोठ्यानं म्हणतात, फजरला (पहाटेच्या नमाजेला) कुनूतची दुआ पढतात. सलाम फेरेपर्यंत, म्हणजे मान वळवून नमाज संपवेपर्यंत, कसलाच फरक नाही. त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय करायचं, यावरून गाव फुटलंय.

आता इकडचं बघा. ओमान हा इबादी पंथाचा देश, सुन्नी-शियांहून वेगळा पंथ. इबादी नमाजेत हात बांधत नाहीत, सरळ खाली सोडतात. तकबीरला हात उचलत नाहीत. कुराणातल्या पहिल्या सूरेनंतर, फातेहानंतर, आमीन म्हणत नाहीत, कुनूत नाही. जोहर-असरला (दुपारच्या नमाजांना) फातेहानंतर दुसरी सूरा जोडत नाहीत. म्हणजे खुद्द नमाजेतच इतका फरक. मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या मशिदीत मगरिबला (संध्याकाळच्या नमाजेला) इमाम फातेहाचा शेवटचा शब्द ‘वलद्दाल्लीन’ म्हणून थांबतो. तो स्वतः गप्प असतो, पण मागच्या सफांतून (रांगांतून) मलबारी, कोकणी, पाकिस्तानी असे सगळे मिळून आमीन म्हणतात. ते एका सुरात येत नाही, इथून थोडं, तिथून थोडं. शेजारचा ओमानी हात सोडून शांत उभा. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. इमाम पुढची आयत सुरू करतो.

पहिल्या वर्षी मी घाबरायचो की आपली नमाज होते की नाही. मग एकदा निजवाच्या रस्त्यावर आम्ही चौघं गाडी थांबवून असरला उभे राहिलो. तिघं ओमानी, मी एकटा परका. त्यातल्या वयस्कर स्टोअरकीपरनं मला दंडाला धरून इमाम म्हणून पुढं केलं. सफरातल्या (प्रवासातल्या आखूड नमाजेच्या) दोन रकाती मी माझ्या पद्धतीनं पढवल्या, रुकूला हात उचलले, ते माझ्या मागं त्यांच्या पद्धतीनं पढले. सलाम फेरल्यावर तो ‘तकब्बलल्लाह’ म्हणाला आणि चहाचा थर्मास मागितला. एवढंच. इतक्या वर्षांत त्यानं हा विषय कधी काढलेला नाही.

म्हणून ‘ओमानकडून शिका’ असं गावाला सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. इथली शांतता अर्धी लोकांच्या स्वभावातली आहे आणि अर्धी सरकारची. मशिदी मंत्रालयाच्या देखरेखीखाली. पंथावरून फूट पाडणं हा गुन्हा, त्याला तुरुंग. इथं मशिदीच्या कमिटीत मला मत नाही, म्हणून भांडणही नाही. आमच्या गावची मशीद गावाची आहे. तिचा चिरा न् चिरा लोकांनी वाहिलाय. तिथं काय चालावं यावर लोक वाद घालणारच, आणि तो हक्क मला मोलाचा वाटतो. शिवाय कायद्यानं सगळं भागत नाही. १५ जुलै २०२४ च्या रात्री मस्कतच्या वादी कबीर भागातल्या शिया मशिदीत आशुरासाठी (मुहर्रमच्या शोकासाठी) जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. सहा निरपराध माणसं मेली, त्यात एक भारतीय. हल्ला करणारे तिघं याच देशातले, सख्खे भाऊ होते. त्या भागात माझे कितीतरी ओळखीचे लोक राहतात. दुसऱ्याला दीनाबाहेर काढायची भाषा कुठवर जाते, ते आम्ही इथं घराशेजारी पाहिलं.

आणि जोडून घेणं आमच्या गावाला नवीन नाही. लहानपणी आमचे इमाम उत्तर प्रदेशातले, हनफी, म्हणजे सुन्नींच्याच दुसऱ्या परंपरेचे. ते फजरला कुनूत पढत नसत. मग त्यांनी सलाम फेरला की आमचे म्हातारे आपले आपण सजदा-ए-सहवचे, म्हणजे राहिलेल्याची भरपाई करणारे, दोन सजदे करायचे आणि मग सलाम फेरायचे. इमामसाहेब तोंड फिरवून तस्बीह पढत बसायचे. कोणी नोटीस लावली नाही. त्याच इमामांच्या मागं माझ्या आजोबांचा जनाजा पढला गेला.

दोन्ही बाजूंना मी हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्कींची आठवण देईन. देवबंद उभं करणारे कासिम नानोतवी आणि रशीद अहमद गंगोही या दोघांचे ते पीर. १८५७ नंतर मक्केला गेले आणि १८९९ मध्ये तिथंच वारले. हिंदुस्तानातल्या मुरीदांची (शिष्यांची) भांडणं ऐकून त्यांनी सात मसल्यांवर (वादाच्या प्रश्नांवर) एक छोटी किताब लिहिली. त्यात ते लिहितात की मी मौलूदच्या मजलिसीत बसतो, सलामला उभा राहतो आणि मला त्यात लज्जत मिळते. गंगोहींना हे पटलं नाही. तरी पीर पीरच राहिला आणि मुरीद मुरीदच राहिला. मग आमच्या गावातल्या उभं राहणाऱ्याला मुश्रिक (अल्लाहला भागीदार जोडणारा) म्हणणारा आणि बसणाऱ्याला गुस्ताख (पैगंबरांची बेअदबी करणारा) म्हणणारा, हे दोघं कोणाच्या मागं चाललेत?

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी सलामला उभा राहतो. आई उभी राहायची, तिच्या पदराला धरून मी उभा राहायचो. ते मी सोडणार नाही. पण माझा सख्खा मामा तबलीगी होता, तो बसून राहायचा, आणि त्याच्याइतका खरा माणूस मी पाहिलेला नाही. त्याच्या मय्यतीला आलेल्या तिघांनी जनाजाची नमाज ती पढवणाऱ्या इमामामागं पढायची नाही म्हणून अंगणात बाजूला उभं राहणं पसंत केलं. मी मस्कतहून येईपर्यंत दफन झालं होतं. मला हे नंतर मामीनं सांगितलं, रडत नव्हती, भाकरी थापत होती.

नोटिशीवर सह्या करणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कबरस्तानात पोलीस यावेत अशी माझी इच्छा नाही. पण कबर अडवाल तर मी तक्रारदाराच्या बाजूला उभा राहीन, तो कुठल्याही मशिदीत जात असो.

पैशाचंही बोलतो. पहिल्या मशिदीची संगमरवरी फरशी कुवेतवाल्यांच्या वर्गणीतून झाली, दुसऱ्या मशिदीचा स्लॅब आमच्या मस्कतवाल्यांच्या. तेव्हा आम्ही विचारलं नाही की एवढ्याशा गावाला दुसरी मशीद कशाला. विचारायला हवं होतं. फूट पडली त्यात आमचाही हात आहे.

यंदाची वर्गणी आम्ही अकरा जणांनी एकत्र ठेवली आहे, खाडीकडची कबरस्तानची ढासळलेली भिंत बांधायला. पावसाळ्यात तिथली माती वाहून जाते, आजीच्या कबरीपर्यंत आली आहे. नोटीस उतरवल्याचा फोटो आला की त्याच दिवशी पैसे पाठवू. चुलतभावाला तसं कळवलंय. तो म्हणाला, ‘जुम्म्याला विषय काढतो.’ मी विचारलं, कुठल्या मशिदीत? म्हणाला, ‘दोन्हीकडं.’