पाणी गोठत नाही, तरीही टाकी रिकामी का करावी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, काही महिने उभे राहणार असेल तर त्यातील पाण्याची व्यवस्था रिकामी करून कशी ठेवावी, या माझ्या लेखावर आपण देवगडहून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. कोकणात पाणी कधीच गोठत नाही, त्यामुळे टाकी, गीझर आणि नळ्या रिकाम्या करणे ही थंड देशांची नक्कल आहे. घरावरची टाकी बारमाही भरलेली असते आणि तिच्यामुळे कोणी आजारी पडत नाही. कोरड्या नळ्यांतील वॉशर सुकून गळू लागतात. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत क्लोरीन सोडणे धोक्याचे आहे. आणि गणपतीला गाडी बाहेर काढावीच लागत असल्याने हा खटाटोप दोनदा करावा लागतो. ज्या गाडीतील पाण्याने घरातील लहान मुले आंघोळ करतात त्या गाडीचा हा प्रश्न असल्याने, उत्तर थोडे लांबले तरी ते नेमके असावे असे मला वाटते.

पहिल्या आक्षेपातील वस्तुस्थिती निर्विवाद आहे. जानेवारीतल्या पहाटेही आपल्या किनाऱ्यावरचा पारा शून्याच्या आसपास फिरकत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि त्या दाबाने नळीचे सांधे, पंपाचे तोंड व तोट्यांचे आतले भाग तडकतात, हे संकट कोकणात उभ्या असलेल्या गाडीवर येणार नाही. म्हणून नळ्यांत अँटिफ्रीझ, म्हणजे गोठण्यापासून वाचवणारे द्रव, भरण्याची इथे काहीही गरज नाही, आणि लेखातील तो भाग हिवाळ्यात हिमाचल किंवा लडाखकडे जाणाऱ्यांपुरताच आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पण पहाटेपुरते गवताच्या पात्यावर जमणारे ते हिमकण गाडीच्या आतल्या नळीला अपाय करीत नाहीत, तेव्हा तेवढ्यासाठीही काही करावे लागत नाही.

परंतु गोठणे हे टाकी रिकामी करण्याचे एकमेव कारण नाही, आणि आपल्या हवेत तर ते कारणच नाही. आपल्याकडचे कारण ऊब हे आहे. ताडपत्रीखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या बंद गाडीतील पाणी पावसाळाभर कोमट राहते. त्यातील क्लोरीनचा अंश काही दिवसांतच नाहीसा होतो आणि नळ्यांच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरू लागतो. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका अधिवेशनानंतर उद्भवलेल्या न्यूमोनियाच्या साथीमुळे जो लेजिओनेला जिवाणू शास्त्रज्ञांना सापडला, तो साधारण २० ते ४५ अंश सेल्सियस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. तो पाणी प्यायल्याने सहसा बाधत नाही. शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर फुफ्फुसात गेला म्हणजे बाधतो. प्रत्येक उभ्या गाडीत तो असतोच असे मी मुळीच म्हणत नाही, परंतु त्याला वाढण्यासाठी लागणारी परिस्थिती आपण होऊन तयार करून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

घरावरच्या टाकीचे आपण दिलेले उदाहरण याच ठिकाणी लागू पडत नाही. त्या टाकीतील पाणी रोज उपसले जाते आणि रोज नवे चढते. एखादे घर चार महिने बंद राहिले तर त्या टाकीतील पाणी आपणही दात घासायला वापरणार नाही. शिवाय घराच्या टाकीवर घट्ट झाकण बसवता येते, तर गाडीच्या टाकीला हवेसाठी आणि जादा पाण्यासाठी बाहेर उघडणारी नळी असते. तिच्या तोंडाची जाळी निसटली असेल तर डास आत शिरतात आणि उबदार पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. आरोग्य खाते गावोगाव आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते त्यामागे हाच हिशेब आहे, आणि अंगणात उभी असलेली गाडी त्या नियमाला अपवाद ठरू नये.

हे परदेशी अनुकरण नाही, हे आपल्या बंदरावरच दिसते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात बोट वर ओढली की जाणता मालक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या, इंजिनातून गोडे पाणी फिरवून खारे पाणी धुऊन काढतो, ते निथळू देतो आणि मगच इंजिन झाकून ठेवतो. जे यंत्र चालणार नाही त्यात पाणी राहू द्यायचे नाही, एवढाच त्यामागचा विचार आहे.

वॉशरविषयीचा आपला आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो, कारण कोरड्या हवेच्या प्रदेशात तो काही अंशी खरा आहे. कोकणातील पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की रबर सुकून तडकण्याची भीती फारशी उरत नाही. उलट, पाणी तसेच ठेवल्यास विहिरीच्या पाण्यातील लोहाचा तांबूस गाळ पंपाच्या पडद्यांवर आणि झडपांवर बसतो व त्या चिकटतात. ज्यांची विहीर खाडीलगत आहे त्यांनी तर अधिक जपले पाहिजे, कारण मे महिन्यात ते पाणी मचूळ होते आणि असे पाणी गीझरच्या पोलादी टाकीत राहिले तर गंज झपाट्याने वाढतो. तो गंज टाकीऐवजी स्वतःवर घेण्यासाठी गीझरमध्ये मॅग्नेशियमची दांडी, म्हणजे अ‍ॅनोड रॉड असतो. टाकी रिकामी करताना तो बाहेर काढून पाहावा आणि बराचसा झिजला असेल तर बदलावा. संडासाच्या झडपेच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेली आणि घरचे खोबरेल ही दोन्ही टाळावीत, कारण तेलकट पदार्थांनी या प्रकारचे रबर फुगते.

काम केव्हा करावे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण माझ्या मते कोकणात सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे. हे काम रोहिणी नक्षत्र संपण्याच्या आत, म्हणजे मेच्या अखेरच्या आठवड्यात उरकले पाहिजे. मृगाचा पाऊस एकदा लागला की हवेची आर्द्रता इतकी वाढते की नळीत उरलेला ओलावा आटत नाही, आणि अर्धवट ओली बंद नळी भरलेल्या नळीपेक्षा फार बरी म्हणता येत नाही. गीझर बंद करून पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे, गरम पाण्याची तोटी उघडून दाब जाऊ द्यावा आणि मगच तळाचे बूच काढावे. सर्वांत खालच्या पातळीवरचे कॉक आणि शॉवरसह सर्व तोट्या उघड्या ठेवून पंप क्षणभर चालवावा, म्हणजे त्याच्या पोटातले पाणी निघून जाईल. पंपाआधीची गाळणी उघडून धुवावी. गीझरच्या बटणावर चिठ्ठी चिकटवावी, कारण रिकाम्या टाकीत कोणी बटण चालू केले तर आतली कॉइल जळते.

नळ्यांत हवा मारण्यासाठी अनेक जण गाडी पंक्चरवाल्याकडे नेतात. त्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीतील दाब आपल्या नळ्यांना सोसवणारा नसतो, आणि त्या हवेबरोबर तेलाचे कण व पाणीही येते. दाब ४० पीएसआयच्या (टायरमधील हवेचा दाब मोजतात त्याच मापाने) वर जाऊ देऊ नये. दाब नेमून देणारा व्हॉल्व्ह आणि हवेची गाळणी नसेल तर हवा न मारता सर्व तोट्या उघड्या ठेवून दोन-तीन कडक उन्हाचे दिवस गाडीची दारे-खिडक्या उघडी टाकणे अधिक चांगले. शेवटी बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक नळीच्या तोंडावर मच्छरदाणीची बारीक जाळी बांधावी. ती केवळ डासांसाठी नाही. कुंभारीण माशी अशा नळीत मातीचे घर बांधते आणि ते सहसा नंतर पाणी भरताना, टाकी तुंबल्यावरच ध्यानात येते.

क्लोरीनबाबत आपली काळजी योग्य आहे, पण लेखातील प्रमाण पिण्यासाठी नव्हते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन पुरेसे असते. व्यवस्था निर्जंतुक करताना ते सुमारे ५० मिलिग्रॅम ठेवतात. १०० लिटरच्या टाकीला ५ टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर पुरते. ते पाणी प्रत्येक तोटीतून वास येईपर्यंत खेळवून चार तास राहू द्यावे, आणि नंतर वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे. ग्रामपंचायतीत मिळणारी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर साधारण १५ ग्रॅम पावडर बादलीत कालवून वरची निवळीच घ्यावी, कारण तळाचा चुना पंपाची गाळणी बुजवतो. गीझरमधील क्षार काढण्यासाठी व्हिनेगर वापरणाऱ्यांनी ते काम वेगळ्या दिवशी, मध्ये भरपूर पाणी सोडून करावे. क्लोरीनच्या द्रावणात व्हिनेगर मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद गाडीत याचा परिणाम किती गंभीर होईल हे निराळे सांगायला नको.

हिवाळ्यात उत्तरेकडे जाणाऱ्या वाचकांसाठीही दोन शब्द, कारण ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलात पोहोचणे फार सोपे झाले आहे, आणि तो बोगदा ३,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे जाताना टाकी कुलू खोऱ्यातच रिकामी करावी आणि पुढे केबिनमध्ये ठेवलेल्या कॅनमधील पाणी वापरावे. अँटिफ्रीझ भरायचेच असेल तर प्रोपिलिन ग्लायकॉलचे, पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी बनवलेलेच घ्यावे, आणि गीझरला बायपास करून भरावे. गॅरेजमध्ये इंजिनासाठी मिळणारा कूलंट बहुधा इथिलिन ग्लायकॉलचा असतो आणि ते विष आहे. त्याचा एक थेंबही या नळ्यांत जाता कामा नये.

राहिला गणपतीचा प्रश्न. भाद्रपदातल्या त्या चार दिवसांसाठी व्यवस्था उघडण्याची आवश्यकता नाही. टाकी रिकामीच ठेवावी, २० लिटरचे दोन स्वच्छ कॅन आणि एक तांब्या-बादली बरोबर घ्यावी, वापरलेले पाणी खालच्या टाकीत जाईल ते मुक्कामी पोहोचताच सोडून द्यावे, आणि परतल्यावर तेवढीच एक टाकी धुवावी. गोडे पाणी भरायचे ते नवरात्रानंतर, वर सांगितल्याप्रमाणे क्लोरीनने एकदा धुऊन झाल्यावर. आणि भरण्यापूर्वी गीझरचे बूच परत बसवले आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे.

आपला स्नेहांकित