‘प्रादेशिक पक्ष बंद करा’ या फॉरवर्डला इंदूरहून उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड तीनदा आला. तिसऱ्यांदा टाकणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे; पोह्यांवर शेव किती असावी इथपासून काश्मीरपर्यंत सगळ्यावर ठाम. मजकूर थोडक्यात असा: ब्रिटन, जर्मनी, कॅनडा बघा, प्रगत देशांत प्रादेशिक पक्ष नसतात. असे पक्ष शेवटी देश तोडतात. केंद्रातली सरकारं त्यांच्यामुळेच पडतात. ते परप्रांतीयांना हाकलतात, म्हणून महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने तर आधी विरोध करावा. सबब, कायदा करून फक्त राष्ट्रीय पक्ष ठेवा. खाली तिरंगा, आणि ‘सहमत असाल तर दहा जणांना पाठवा’.

मी सहमत नाही. काकांना फोनवर सांगायला घेतलं तर त्यांनी ‘अरे, तू वाच तरी नीट’ म्हणून फोन ठेवला. नीट वाचलं, म्हणून हे लिहितोय.

‘प्रगत देशांत प्रादेशिक पक्ष नसतात.’

ज्याने हे लिहिलं त्याने उदाहरणं निवडताना जरा तरी बघायचं होतं. ब्रिटन म्हणजे एका राज्यछत्राखाली नांदणारी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड ही चार घरं. फुटबॉलच्या विश्वचषकालासुद्धा त्यांचे संघ वेगवेगळे उतरतात. वेल्सचा प्लाइड कम्री हा पक्ष १९२५चा, स्कॉटिश नॅशनल पार्टी १९३४ची. स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरामध्ये, २००७पासून याच पक्षाचं सरकार आहे. उत्तर आयर्लंडमध्ये तर मजूर पक्ष उमेदवारच उभे करत नाही. तिथलं राजकारण तिथल्याच पक्षांचं. जर्मनीत बव्हेरिया राज्याचा सीएसयू हा पक्ष फक्त बव्हेरियात लढतो आणि त्याचा मोठा भाऊ सीडीयू त्या राज्यात पाऊल टाकत नाही. कॅनडात १९९३ साली क्युबेकपुरत्या लढणाऱ्या ब्लॉक क्युबेक्वाने ५४ जागा जिंकल्या आणि देशाच्या संसदेतला अधिकृत विरोधी पक्ष झाला.

बंदी असलेला देश मी काकांच्या बाजूने शोधून दिला: पोर्तुगाल. तिथल्या राज्यघटनेत प्रादेशिक स्वरूपाच्या पक्षाला मनाई आहे. पण पोर्तुगाल जवळपास एकभाषी देश. शेजारच्या स्पेनमध्ये बास्क आणि कॅटलन लोक आहेत, तिथल्या १९७८च्या घटनेने ‘राष्ट्रीयता’ हा शब्द वापरून त्यांचं वेगळेपण मान्य केलं, आणि त्यांचे पक्ष माद्रिदच्या संसदेत बसतात. भारत या दोघांपैकी कुणासारखा, हे इंदूरच्या राजवाडा चौकात उभं राहून चार दुकानांच्या पाट्या वाचल्या तरी कळतं.

‘असे पक्ष शेवटी देश तोडतात.’

फॉरवर्डमधला सगळ्यात जड मुद्दा हाच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्कॉटिश नॅशनल पार्टीला वेगळा देशच हवा आहे, ते लपवतही नाहीत. २०१४ साली सार्वमत झालं, ५५ टक्क्यांहून थोडी जास्त मतं ‘नको’ म्हणाली. क्युबेकमध्ये १९९५ साली तर धागा तुटायचाच राहिला होता: ‘नको’ ५०.५८ टक्के. म्हणजे धोका खरा होता. पण पुढे काय झालं तेही बघा. स्कॉटिश पक्षाने २०१५ साली ब्रिटिश संसदेतल्या स्कॉटलंडच्या ५९पैकी ५६ जागा घेतल्या होत्या, २०२४ साली ५७पैकी ९ उरल्या. ब्लॉक क्युबेक्वा २०११ साली ४ जागांवर आला. पोलीस किंवा सैन्य नव्हे, तिथल्याच मतदारांनी त्यांना खाली उतरवलं.

आता खरोखर तुटलेले देश घ्या. सोव्हिएत संघ: दशकानुदशकं एकच पक्ष. युगोस्लाव्हिया: तिथेही एकच पक्ष. प्रादेशिक पक्षांना जिथे जागाच नव्हती, तिथे तडा गेला तेव्हा सगळं घर गेलं. आणि पाकिस्तान. काका नक्की म्हणतील, अवामी लीग प्रादेशिकच होती ना? होती. १९७०च्या निवडणुकीत तिने पूर्व पाकिस्तानातल्या १६२पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या आणि ३०० सर्वसाधारण जागांच्या राष्ट्रीय सभेत एकटीच्या बळावर बहुमत मिळवलं. तिचे नेते मुजीब यांना पंतप्रधान करायचं सोडून लष्करशहा यह्याखानांनी सभेचं अधिवेशन पुढे ढकललं आणि मार्च १९७१मध्ये ढाक्यात रणगाडे उतरवले. देश मतपेटीने तोडला की मतपेटीचा निकाल न मानणाऱ्यांनी, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तरी ठरवायला फार वेळ लागत नाही.

आपल्याकडचा दाखला मिझोरामचा. १९५९च्या सुमाराला बांबू फुलला, उंदीर माजले, धान्य गेलं आणि दुष्काळ पडला. त्या मदतकार्यातून मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली आणि १ मार्च १९६६ रोजी तिने स्वातंत्र्य जाहीर केलं. चारच दिवसांनी ऐझॉलवर भारतीय वायुदलाने बॉम्ब टाकले. ही गोष्ट आपल्या शाळेत कुणी सांगत नाही. पुढे वीस वर्षं जंगलातली लढाई, आणि ३० जून १९८६ला करार. बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, १९८७ साली मिझोराम राज्य झालं, १९८९च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष काँग्रेसकडून हरला आणि विरोधात बसला. ज्या संघटनेने भारतापासून वेगळं व्हायला बंदूक उचलली होती, ती भारताच्या निवडणूक आयोगाचा निकाल मानून घरी गेली.

द्रमुकचंही तेच. अण्णादुराईंनी द्रविडनाडू या वेगळ्या देशाची मागणी केली होती, चीनच्या युद्धानंतर ती सोडली. फुटीरतेला लगाम घालणारी सोळावी घटनादुरुस्ती १९६३ची, आणि १९६७ साली द्रमुक मद्रासमध्ये सत्तेवर आला. सत्तेवर येऊन त्यांनी काय तोडलं?

‘केंद्रातली सरकारं त्यांच्यामुळेच पडतात.’

हा मोजणीचा प्रश्न आहे, मोजूया. मोरारजींचं सरकार १९७९ साली जनता पक्षाच्या आपसातल्या भांडणात गेलं. चरणसिंगांचा पाठिंबा काँग्रेसने काढला. व्ही. पी. सिंगांचा भाजपने. चंद्रशेखरांचा काँग्रेसने. देवेगौडांचा काँग्रेसने. गुजरालांचा पुन्हा काँग्रेसने; निमित्त द्रमुकचं होतं, पण खुर्ची ओढली ती राष्ट्रीय पक्षाने. वाजपेयींचं सरकार १९९९ साली एका मताने पडलं, ते अण्णाद्रमुकने हात काढल्यावर. सातात एक. उलट २००८ साली अणुकराराच्या वेळी पाठिंबा काढणाऱ्या डाव्यांतले मुख्य पक्ष राष्ट्रीय होते, आणि विश्वासदर्शक ठरावात मनमोहनसिंगांना तारायला धावला तो उत्तर प्रदेशचा समाजवादी पक्ष. २०२४च्या निकालात भाजपला स्वबळावर बहुमत मिळालं नाही, तेव्हा तेलुगू देसमचे १६ आणि जनता दल (युनायटेड)चे १२ खासदार कामी आले. काकांचं आवडतं सरकार या प्रादेशिक पक्षांसकट उभं राहिलं. ते फॉरवर्डमध्ये कुठे आलं नाही.

‘ते परप्रांतीयांना हाकलतात.’

इथे मी काकांच्या जवळ जातो. मुंबईत २००८ साली उत्तर भारतीयांना मारहाण झाली तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होतो, आणि शेजारच्या टेबलावरून हसत हसत आलं, “भिया, अब आपको भी पूना भेज दें क्या?” थट्टाच होती. घास मात्र फिरला. सहा पिढ्या इंदुरात, होळकरांच्या काळापासून, आणि तरी ‘परत पाठवण्या’च्या थट्टेत आपण बसतो हे त्या दिवशी कळलं. एखाद्या प्रांतात बहुसंख्य असलेला समाज आपल्या पक्षाच्या जोरावर त्याच प्रांतातल्या थोड्यांवर धावून जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण मग उपाय काय? भाषावार राज्यं झाली तेव्हा हा प्रश्न लोकांना सुचला होता. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीत ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं आली: एकात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याची राज्यांवर जबाबदारी, दुसऱ्यात त्यांच्यासाठी विशेष अधिकारी. आपल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही याची हळहळ ग्रुपवर दर आठवड्याला होते. ३५०-अचं नाव मी तिथे एकदाही पाहिलेलं नाही. भाषेवरून दमदाटी करणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. त्यासाठी कायद्यात आधीच कलमं आहेत आणि तो गुन्हेगार कोणत्या पक्षाचा याच्याशी त्या कलमांना देणंघेणं नाही.

आणि एक आठवण. काका दर १ मेला ‘जय महाराष्ट्र’ टाकतात. तो महाराष्ट्र १९५७च्या निवडणुकीत राष्ट्रीय पक्षाला घाम फोडणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीमुळे हाती आला. ती समिती काय अखिल भारतीय होती?

‘फक्त राष्ट्रीय पक्ष ठेवा.’

राष्ट्रीय पक्ष ही जात नव्हे, मतांच्या आणि जागांच्या हिशेबावर मिळणारा दर्जा आहे. एप्रिल २०२३मध्ये राष्ट्रवादी, तृणमूल आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा तो गेला, आम आदमी पक्षाला मिळाला. काकांच्या कायद्याप्रमाणे आदल्या दिवशीपर्यंत देशभक्त असलेले तीन पक्ष दुसऱ्या दिवशी बेकायदा.

शिवाय प्रयोग करून बघायला लांब जायला नको. आपल्या मध्य प्रदेशात २०२३च्या विधानसभेत २३०पैकी भाजप १६३ आणि काँग्रेस ६६. उरलेली एक, रतलाम जिल्ह्यातली सैलाना, भारत आदिवासी पक्षाची. फॉरवर्डला हवा तसाच प्रदेश, जवळपास. त्यात इंदूर तर नमुनाच. भाजपच्या सुमित्राताई महाजन इथून सलग आठ वेळा निवडून आल्या, त्यासाठी मराठी माणसाचा वेगळा पक्ष लागला नाही. हे मी अभिमानाने सांगतो. पण २०२४च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला. दोनांतला एक गेला, तिसरा दमदार असा कुणी नव्हताच. भाजपला १२,२६,७५१ मतं, ‘नोटा’ला २,१८,६७४, आणि त्याखालच्या उमेदवाराला ५१,६५९.

त्या दिवशी मतदान करून आल्यावर काकांनीच ग्रुपवर लिहिलं होतं, ‘मत द्यायला कुणी ठेवलंच नाही रे.’ तो मेसेज मी शोधून काढला आणि फॉरवर्डखाली डकवला.