अण्णांचा ओटीपी

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, गणिताचे निवृत्त शिक्षक. नाशिकला आलेल्या पाहुण्याला लोक आधी मिसळ खाऊ घालतात, अण्णा आधी त्याच्या गाडीचा नंबर विचारतात. चार अंकी असला, की पाहुणा अडकला. अंक उतरते लिही, चढते लिही, वजा कर, आलेल्या उत्तराचं परत तेच कर. सगळे अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येणारच. हे 1949 मध्ये जगाला सांगणारे द. रा. कापरेकर आपल्या देवळालीचे शाळामास्तर, हे ऐकेपर्यंत पाहुण्याच्या चहावर साय धरलेली असते.

हे सगळं मी सोसते. पण बँकेचं खातं अण्णांच्या नावावर, म्हणून ओटीपीही त्यांच्याच फोनवर. परवा लाइट बिलाचा शेवटचा दिवस. मी लॅपटॉपसमोर, गॅसवर वरण, अण्णा झोपाळ्यावर.

"अण्णा, ओटीपी आला का?"

"आला! अगं, काय आकडा आहे! एक ते नऊशे नव्व्याण्णव, सगळ्यांची बेरीज किती?"

"अण्णा, नुसता आकडा सांगा."

"तोच सांगतोय की. पहिला आणि शेवटचा मिळून हजार..."

इकडे स्क्रीनवरचे सेकंद उलटे पळताहेत, तिकडे वरण ओट्यावर पळतंय. मी गॅस बंद करून आले तेव्हा मुदत संपलेली, आणि अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले, "499500!"

गेला तो ओटीपी, पण सुतक मलाच. अण्णांनी कॅलेंडरच्या पाठीवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, वर्ग मांडला: 249500250000. बरोबर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडचे 249500, उजवीकडचे 250000, बेरीज परत 499500. "ही कापरेकर संख्या! शिवाय अंकांची बेरीज 27, आणि 27 ने पूर्ण भाग जातो, 18500 वेळा. म्हणजे हर्षद संख्याही. हे नावसुद्धा त्यांनीच दिलेलं. एका संख्येत किती गुण!" मुलगी दाखवायला घेऊन आलेल्या मावशीसारखे ते बोलत होते.

मी दुसरा ओटीपी मागवला. या वेळी अण्णांनी मुकाट्याने सांगायला सुरुवात केली, "तीन, शून्य, पाच..." आणि थबकले.

"काय झालं?"

"305147. अंकांची बेरीज 20, भाग जात नाही. अगदीच कोरडी दिसते. मूळ संख्या असेल का गं?"

आकडा मिळाला होता! मी घाईने टाइप केला, आणि शेवटचे दोन अंक उलटे पडले. दुरुस्त करेपर्यंत वेळ संपली. अण्णांना त्याचं काहीच नाही. मूळ आहे की नाही ठरवायला 547 पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघावा लागतो, आणि त्या भरतात 101. तेवीसपर्यंत येऊन ते म्हणाले, "अजून कोणी लागत नाही." कुणी लागावं, असं मला तरी कुठे वाटत होतं!

तेवढ्यात बँकेने लाल अक्षरांत कळवलं, की खातं 24 तासांसाठी बंद. दंड आता ठरलेलाच. मी कपाळाला हात लावून अण्णांना वाचून दाखवलं.

"चोवीस?" अण्णांनी पेन्सिल उचलली. "दोन आणि चार सहा, सहा चोक चोवीस. अगं, हीपण हर्षदच!"