खुलासा : शांतारामबापूंची सुरुवात बोलपटाने नव्हे, मूकपटाने

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या फिरणारा मजकूर म्हणतो, की व्ही. शांताराम यांची कारकीर्द १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून सुरू झाली. हे साफ चुकीचं आहे. तो ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा पहिला बोलपट, त्याआधीचं दशकभराचं काम या मजकुरातून पुसलं जातं.

बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) तरुण शेतकरी शांतारामबापूंनीच रंगवला. १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चं दिग्दर्शन केलं. १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी केली. ‘गोपाळ कृष्ण’पासून ‘जुलूम’पर्यंत कंपनीचे सहा चित्रपट मूक होते. त्यांतला ‘उदयकाल’ सोलापूरकरांनी तरी विसरू नये. इथे मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला त्याच १९३० सालचा हा चित्रपट, आणि शिवराय साकारले खुद्द शांतारामबापूंनी. मूळ नाव ‘स्वराज्य तोरण’. ‘स्वराज्य’ शब्द सेन्सॉरला खुपला म्हणून ते बदलावं लागलं.

मूकपटांच्या क्लिपमध्ये माणसं तुरुतुरु पळताना दिसतात, तो अभिनयाचा दोष नाही. तेव्हा हाताने कॅमेरा फिरवून सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी (फ्रेम) टिपत; त्याच चौकटी सेकंदाला २४ या वेगाने दाखवल्या की हालचाल धावते.