म्हणे, गाडी डोलली की ॲक्सिलरेटर पिळा!

भाच्याने परवा रात्री एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे करून बघू का?" त्याच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंना सॅडलबॅग, मागे टॉप बॉक्स, आणि पुढच्या आठवड्यात बायकोला मागे बसवून पुणे ते हंपी. साताऱ्याच्या पुढे नव्वदच्या वर गेलं की गाडी मागून डोलते, ही त्याची तक्रार. मेसेजचं शीर्षक: ‘हायवेवर गाडी डोलते? अनुभवी रायडर्सचे सहा उपाय’. सगळ्या रायडिंग ग्रुपांवर हा फिरतोय. कुणी लिहिला ते कुणालाच माहीत नाही, पण खाली अंगठे मात्र भरपूर. एकेकाला समजावून कंटाळलो, म्हणून इथेच लिहितो.

उपाय पहिला, आणि नेमका हाच जिवावर बेतणारा: "गाडी डोलली की स्पीड कमी करू नका, ॲक्सिलरेटर पिळा. चाकं जोरात फिरली की गायरोस्कोपिक इफेक्ट वाढतो आणि गाडी आपोआप सरळ होते."

अरे बाबांनो, ज्याला तुम्ही सरसकट डोलणं म्हणता ती दोन वेगवेगळी दुखणी आहेत. एकात फक्त हँडल थरथरतं, सेकंदाला सहा-आठ वेळा, बहुतेकदा साठ-सत्तरच्या आसपास, वेग उतरत असताना हात सैल सोडले की. दुसऱ्यात अख्खी गाडी मागच्या चाकापासून हेलकावे खाते, सेकंदाला दोन-तीन, आणि हे वरच्या वेगात होतं. भाच्याचं दुखणं दुसरं. त्यात वेग वाढवला की हेलकावे शमवण्याची गाडीची ताकद कमी कमी होत जाते. नव्वदला जो हेलकावा दोन-चार झोक्यांत विरतो, तो एकशेदहाला विरत नाही, आणि त्याच्याही वर वाढतच जाऊ शकतो. मागे बायको, बाजूने ट्रक, आणि हा गडी पिळतोय ॲक्सिलरेटर!

गायरोस्कोपिक इफेक्ट, म्हणजे फिरत्या चाकाची आपली दिशा धरून ठेवण्याची ओढ, असतो, नाही कोण म्हणतं. मधल्या वेगात गाडी उभी राहायला तो हातभार लावतो. आणि हेही कबूल करतो की पहिल्या दुखण्यात जरासा ॲक्सिलरेटर दिला की हँडल शांत होतं, कारण पुढच्या चाकावरचा भार घटतो आणि तो नेमका वेगही मागे पडतो. एवढ्या अर्ध्या सत्यावर बाकीचा डोलारा उभा केलाय. गाडी मागून डोलत असेल तर ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, छाती टाकीकडे झुकवायची, गुडघ्यांनी टाकी धरायची, हँडलवरची पकड सैल ठेवायची. पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. हँडलने हेलकावा थोपवायला जाल तर आपला हात हमखास उशिरा पोचतो आणि त्याच हेलकाव्यात भर घालतो.

दुसरा आणि तिसरा उपाय एकाच माळेचे मणी: "कोनसेट कसून घ्या" आणि "ऑनलाइन मिळणारा स्टीअरिंग डँपर बसवा, सगळं डोलणं बंद." (कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती चेसीच्या पुढची बेअरिंगं.) १९७१ साली रॉबिन शार्प या ब्रिटिश संशोधकाने मोटरसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं. आज या विषयावर कुणीही लिहायला बसला की तिथूनच सुरुवात करतो. त्या गणिताने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवलं की स्टीअरिंगला अडवणारा डँपर हँडलची थरथर दाबतो, पण वरच्या वेगातलं गाडीचं डोलणं मात्र वाढवतो. म्हणजे एका दुखण्याचं औषध दुसऱ्याचं विष. फाजील कसलेल्या कोनसेटचंही तेच. सरळ चालताना पुढचं चाक स्वतःहून बारीक बारीक दुरुस्त्या करत असतं. ते जखडलं की गाडी आधी इकडे, मग तिकडे.

कोनसेट ढिला असेल तर कसायलाच हवा, पण आधी बघा तरी! मेन स्टँडवर गाडी घ्या, पुढचं चाक उचला, फोर्क खालून धरून पुढेमागे हलवा. टक्क लागलं तर ढिला. मग एका बोटाने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. मधोमध खाचेत अडकल्यासारखं थांबलं तर बॉल रेसला, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या कड्यांना, खड्डे पडलेत. तिथे कसून उपयोग नाही, सेट बदला. मग मागचं चाक उचलून वरखाली दोन हातांनी धरा आणि आडवं हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला चिमटा (मागचं चाक धरणारा फाटा) आणि चेसीच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला हालचाल कळली तर चिमट्याचे बुश गेले, नाही तर चाकाचं बेअरिंग. शॉकअप तेल गाळत नाहीत ना, चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्यात ना, तेही बघा. मेसेजमध्ये मागच्या चाकाबद्दल एक अक्षर नाही.

चौथा: "जड सामान जितकं मागे, तितकं हँडल हलकं." हलकं होतं ना, तीच तर भानगड! टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्याही पाठी लटकतो. त्यात टूलकिट, पाण्याच्या बाटल्या आणि कुलूप भरलं की पुढच्या चाकावरचं वजन उचललं जातं. बहुतेक बॉक्सवर वजनाची आणि वेगाची मर्यादा छापलेली असते, ती शोभेला नाही. २००७ च्या सुमारास ब्रिटनमधल्या काही पोलीस दलांनी सामानाने लादलेल्या होंडा पॅन युरोपियन गाड्या वरच्या वेगातल्या डोलण्यापायी गस्तीतून काढल्या, आणि ते तर प्रशिक्षित चालक. जड वस्तू सॅडलबॅगेत तळाशी आणि पुढच्या बाजूला, दोन्हीकडे सारख्या. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि चिवडा.

पाचवा, "हवा पाच पॉइंट कमी ठेवा, तापली की बरोबर होते". गाडीवरच्या स्टिकरवरचा हवेचा आकडा थंड टायरचाच असतो, तापून वाढणारी हवा कंपनीने धरलेलीच आहे. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरला उलट जास्त हवा लागते, तोही आकडा तिथेच शेजारी असतो. नायट्रोजनचं कौतुकही याच ओळीत घुसवलंय. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

सहावा, "नक्षी दिसतेय तोवर टायर चांगला". हायवेवर सरळ पळून मागचा टायर मधोमध झिजतो, चौकोनी होतो, नक्षी कडेला तशीच राहते. असा टायर लेन बदलतानाच गाडी हलवतो. टायरवरून आडवा हात फिरवा, गोलाई आहे की सपाट पट्टा ते लगेच कळतं. टायरच्या बाजूला तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. मेसेज पुढे ढकलण्याआधी आपल्या टायरवरचे वाचा.